तलावाखालच्या बांधीतली ओळ

रोवणीचा हंगाम मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी पुढे हिरव्या बांध्यांचं कौतुक करीन अशी आशा कोणी धरायला नको. श्रावण लागता लागता मी भंडाऱ्याहून करडीकडे जाणाऱ्या एसटीत बसते. नदी मागे पडली की खिडकीतून वास येऊ लागतो. पावसाचा नाही, पाऊस येऊन तेव्हा महिना उलटून गेलेला असतो. हा वास नांगरलेल्या, तुडवलेल्या, पाणी धरून बसलेल्या चिखलाचा. लोक खिडक्या सरकवून छाती भरून श्वास घेतात. मी माझ्याकडची खिडकी लावून घेते. शेजारची बाई बहुतेक वेळा विचारते, हवा बाधते का जी तुम्हाला? मी हो म्हणते. मास्तरणीने खोटं बोलू नये हे खरं, पण एसटीत कोण तपासायला येतं.

करडीच्या अलीकडे फाट्यावर उतरून दीड मैल चाललं की आमचं गाव. गावाच्या माथ्यावर तलाव, तलावाची उंच पाळ, आणि पाळीखाली उतरत जाणाऱ्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. पहिली मोठी बांधी आमची. तिला घरात ‘तलावाखालची’ म्हणतात. त्या बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या उंच बांधावर, माय माझी वाट पाहत बसलेली असते. आता तिचं वय सत्तरीच्या पुढे गेलं आहे, पण रोवणीच्या दिवशी ती घरात थांबत नाही. मी शेजारी जाऊन बसते. आम्ही थोडा वेळ घरचं बोलतो. मग ती दरवर्षी विचारते तो प्रश्न विचारते.

“त्या दिवशी फोन कवा आला होता वं?”

मी म्हणते, संध्याकाळी. रोवणा संपल्यावर.

ती मान हलवते. बारा वर्षं हा एवढाच संवाद आमच्यात होतो आहे. संध्याकाळी फोन आला होता हे खरंच आहे. पण त्या दिवशी सकाळीही एक आला होता, आणि तो मी घेतला होता. ही गोष्ट मी आणि बाबांनी गावात कोणाला सांगितली नव्हती. बाबा तिसऱ्या वर्षी गेले. उरले मी.

आमच्याकडची रोवणी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. पुरुष परे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, उपटतात, त्यांच्या पेंड्या बांधून चिखलात जागोजाग फेकतात. रोवणाऱ्या मात्र बायाच. दहा, बारा, चौदा बाया एका ओळीत वाकतात आणि मागे मागे सरकत जातात. तोंड पुढे, पाय मागे. पुढे हिरवं होत जातं आणि मागे चिखल शिल्लक असतो. मागे काय आहे ते कोणी वळून पाहत नाही, पायालाच कळतं. एकीचा हात मंदावला की ओळ वाकडी होते. मग शेजारची तिच्या वाट्याच्या चार काड्या आपण रोवते आणि तिला ओळीत आणते. तिला मागे टाकून कोणी जात नाही, कारण जायचंच मागे आहे. जी थांबेल ती पुढे उरेल, एकटी.

टोकाला जी असते ती ओळ चालवते. ती गाणं उचलते, बाकीच्या झेलतात, आणि गाण्याच्या बेताने हात चालतात. आमच्या टोळीत टोकाला माय असे. तिचा आवाज काही गोड वगैरे नव्हता. जाड होता, चिखलातून येणारा, पण चार बांध्या ओलांडून जायचा. तिचा एकच नेम होता. पेंडी संपेपर्यंत कंबर सरळ करायची नाही. ती म्हणायची, सरळ झालं की दुखणं आठवते, आणि एकीला आठवलं की सगळ्यांना आठवते. बायका तिला घाबरून असत आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा तिच्याच ओळीत येत.

माझा धाकटा भाऊ गुणवंत या ओळीत वाढला. अक्षरशः. त्याला बाबांबरोबर परे उपटायला आवडायचं नाही, तो मायच्या शेजारी वाकायचा. आठवीनववीत गेला तरी तेच. गावातली माणसं धुऱ्यावरून जाताना त्याची टर उडवत. गुन्याले नऊवारी घेऊन द्या, म्हणत. तो वाकल्या वाकल्या हसायचा आणि हात चालू ठेवायचा. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. मला त्याची लाज वाटायची, हे कबूल करते. मी त्याला घरी आल्यावर म्हणाले होते की पुरुषासारखं वाग जरा. मोठी बहीण म्हणून तो मला बाई म्हणायचा. म्हणाला, बाई, उपटण्यात काय मजा आहे.

तो सैन्यात गेला तेव्हा ज्यांनी टर उडवली होती त्यांनीच हार घातले. नायक झाला तेव्हा पेढे वाटले गेले. सुटीवर आला की मात्र तो तोच. एकदा आला तर ऐन रोवणीत आला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हाफ पॅन्ट घालून मायच्या शेजारी वाकलेला. बायांनी त्याला गाण्यात घेऊन चिडवलं. तो आठ दिवस चिखलात होता, आणि परत जाताना त्याच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या होत्या. बुटात दुखतील म्हणून मायने एरंडेल लावून दिलं. भंडाऱ्याच्या बाजारातून त्याने तिच्यासाठी एक पितळी डबा आणला होता, पानसुपारीसाठी. त्याच्यानंतर त्या डब्यात त्याचं पदक आहे.

त्याने काय केलं ते आम्हाला त्याच्या साथीदाराने सांगितलं. यशवंत त्याचं नाव, सांगलीकडचा, दिवाळीनंतर मुद्दाम घरी आला होता. अंगणात खाटेवर बसला. एका हाताची दोन बोटं गेलेली. बाबा, माय आणि मी समोर खाली बसलो. तो मायकडे न बघता, जमिनीकडे बघत सांगत गेला.

हवालदार सोडून अकरा जण होते. डोंगराच्या उघड्या उतारावर होते, आणि वरच्या कड्यावरून अचानक गोळ्या सुरू झाल्या. पहिल्याच फैरीत त्यांचे हवालदार पडले. लपायला जागा म्हणजे खाली दोनशे पावलांवर मोठे दगड, आणि मधे काही नाही, गवतसुद्धा नाही. दोघातिघांनी पाठ फिरवून खाली पळायची तयारी केली. यशवंत म्हणाला की मीही त्यातलाच होतो, खोटं कशाला बोलू. गुणवंत त्यांच्यापेक्षा वर होता. त्याने ओरडून सांगितलं की पाठ कोणी फिरवायची नाही. पाठ फिरवली की मेलात. सगळे एका ओळीत या, पालथे पडा, तोंड कड्याकडे, पाय खाली, आणि मागे मागे सरका. दोघांनी गोळी चालवायची, बाकीच्यांनी सरकायचं, मग दुसऱ्या दोघांनी. प्रत्येकाने फक्त शेजाऱ्याकडे बघायचं. तो थांबला की आपण थांबायचं.

“आमाला वाटलं ह्यो येडा झाला,” यशवंत म्हणाला. “उताराला उलटं सरकायचं? पन त्यो टोकाला जाऊन पडला आन् एकेकाचं नाव घेऊन हाका मारायला लागला. एका चालीत. एकदा बी चाल चुकली न्हाई. त्या चालीवर आमचं हातपाय हलत हुतं.”

मी मायकडे पाहिलं. ती जमिनीवर बोट फिरवत होती.

हवालदारांचा देहही त्यांनी ओळीतच ओढत आणला. अर्ध्या वाटेवर त्यांच्यातला सर्वांत नवा जवान थांबला. नावाला ओ देईना. त्याच्या मांडीत गोळी होती. ओळ थांबली. बाकीचे गोळ्या चालवत राहिले आणि गुणवंत एकटा पुन्हा वर सरपटत गेला, त्याचा पट्टा धरून त्याला ओढत खाली घेऊन आला, आणि त्याला दोघांच्या मधे ठेवून पुन्हा आपल्या टोकाला जाऊन पडला. पुन्हा नावं सुरू. दगडांपर्यंत पोचायला त्यांना दीड तास लागला. सगळे आडोशाला आल्यावर गुणवंतने शेवटची नावं घेतली, दहाही जणांनी ओ दिली, हवालदारांचा देह कुठे ठेवला ते विचारलं, आणि मग तो खाली बसला. तेव्हा यशवंतने पाहिलं की त्याची पँट कमरेपासून बुटापर्यंत काळी झाली आहे. त्या पोराला आणायला वर गेला तेव्हाच त्याला लागलं होतं. तासभर त्याने कोणाला सांगितलं नाही. कोणी फडकं बांधायला थांबलं असतं तर ओळ तुटली असती, असं तो म्हणाला म्हणे.

डॉक्टर म्हणाले की तेव्हाच बांधलं असतं तर बरं झालं असतं, असंही यशवंत म्हणाला. ते त्याने माझ्याशी एकटीशी बोलताना सांगितलं, फाट्यावर एसटीची वाट पाहत असताना. आणि मग विचारलं, ताई, तिकडून सकाळी फोन लावून दिला होता त्याला, काकूंशी बोलला ना शेवटचं? दवाखान्यात सारखं आईचंच चाललं होतं त्याचं. मी म्हणाले, माझ्याशी बोलला. आणि त्याला हात जोडून सांगितलं की हे मायजवळ बोलू नका. त्याने पुढे काही विचारलं नाही. पुन्हा तो आला नाही, पत्र मात्र पाठवतो. ते मीच वाचून दाखवते.

फोन आला त्या दिवशी रविवार होता. मी तेव्हा मोहाडीच्या शाळेत नवी होते आणि सुटीला घरी आले होते. सकाळी न्याहारीची टोपली घेऊन मी तलावाच्या पाळीवरून चालले होते. आमच्या गावात फोनला रेंज फक्त त्या पाळीवर येते, आणि घरचा फोन माझ्या पिशवीत होता. खालच्या बांधीत चौदा बाया वाकलेल्या. टोकाला माय. गाणं चाललेलं. साडेनऊ वाजले असतील. फोन वाजला. आधी कोणी हिंदीत बोललं, की नायक गुणवंत इस्पितळात आहेत, शुद्धीवर आहेत, दुपारी ऑपरेशन आहे, घरच्यांशी बोलायचं म्हणतात. मग खरखर झाली आणि मग तो.

“बाई, मायले दे.”

काय झालं, कुठे लागलं, मी एकदम दहा प्रश्न विचारले असतील. तो म्हणाला, काही नाही, पायाले लागलं जरासं. आवाज थकलेला होता, पण त्याचाच होता. मग तो म्हणाला, गाणं आयकू येऊन राह्यलं. तलावाखालची का? मी हो म्हटलं. किती बाया? चौदा. किती राह्यलं? मी बांधीकडे पाहिलं आणि सांगितलं की अर्ध्याहून जास्त. तो म्हणाला, फोन तिकडं धर जरा.

मी धरला. पाळीच्या कडेला उभी राहिले आणि हात लांब करून फोन बांधीच्या दिशेने धरला. मायने कडवं उचललेलं होतं. बाया झेलत होत्या. हात दुखेपर्यंत धरला. परत कानाला लावला तेव्हा त्याचा फक्त श्वास ऐकू येत होता. मी म्हणाले, थांब, बोलावते तिला. शंभर पावलांवर आहे.

“राहू दे,” तो म्हणाला. “ओळ तुटन. संपला का लावजो.”

मी राहू दिलं.

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. फोन आला आहे, तो बोलतो आहे, पायाला लागलं आहे, पाय म्हणजे काय, बरा होतो. मी टोपली घेऊन धुऱ्यावर उतरले आणि पेंड्या फेकत असलेल्या बाबांना हळूच सांगितलं. त्यांच्या हातातली पेंडी हातातच राहिली. त्यांनी एवढंच विचारलं, की स्वतः बोलला ना तो? मी म्हणाले, हो. मग संध्याकाळी सांगू, बाबा म्हणाले. परे उपटून झालेले होते, ते उन्हात पडले की पिवळे पडतात. तलावाच्या पाण्याची पाळी त्या एका दिवसाची होती. टोळी दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावाला जायची होती. ही सगळी कारणं तेव्हा आम्हाला खरी वाटली. त्यांतलं एकही खोटं नव्हतं, हेच तर वाईट आहे.

माय पाळीवर चढून आली असती, बोलली असती, उतरली असती. मी बारा वर्षं हिशोब करते आहे, पाच मिनिटांच्या वर तो जात नाही. पाच मिनिटांत परे पिवळे पडत नाहीत. कोणाचंच काही बिघडत नाही. पण त्या सकाळी आमच्यापैकी एकाच्याही मनात हा हिशोब आला नाही. बाबांच्या नाही, माझ्या नाही, आणि तिकडे खाटेवर पडलेल्या त्याच्याही नाही. आम्ही माणसंच तशी. ओळ संपू दे, मग दुखणं.

संध्याकाळी चारच्या सुमारास शेवटची पेंडी संपली. रोवणा संपला की बाया मालकाला चिखल फासतात, ही आमच्याकडची रीत. बाबा पळाले नाहीत. उभे राहिले. एरवी ते धुऱ्याधुऱ्याने पळायचे आणि बाया पाठलाग करायच्या, मोठा गोंधळ व्हायचा. त्या दिवशी ते मुकाट उभे राहिले आणि बायांनी त्यांचं तोंड, मान, डोकं चिखलाने माखून टाकलं. माय सर्वांत जास्त हसत होती. मी पाळीवर गेले होते. मला वाटलं, आता लावावा. तेवढ्यात तोच वाजला.

मी पाळीवरून खाली कशी आले मला आठवत नाही. मी ‘माय’ म्हणाले एवढं आठवतं. तिने हसतच वळून पाहिलं, आणि कोपरापर्यंत चिखलाने भरलेले हात फोन घ्यायला पुढे केले. तिला वाटलं त्याचाच आहे. फोनवर कोणी नव्हतं, तो मी आधीच बंद केला होता. बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा चिखलातून दोन रेघा निघाल्या. बायांना वाटलं डोळ्यांत चिखल गेला, एक जण पदराने पुसायला धावली.

त्या दिवसापासून मायने ओळ चालवली नाही. रोवायला जायची, पण मधे कुठेतरी असायची आणि गप्प असायची. टोळीने दोन वर्षं वाट पाहिली आणि मग दुसरीला टोकाला घेतलं.

पुढच्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टला गावाने कमान उभारली. एक पुढारी आले. त्यांनी जोरात भाषण केलं की या वीराने शत्रूसमोर एक पाऊलही मागे घेतलं नाही. टाळ्या पडल्या. कमानीवरही तेच लिहिलं आहे, लाल अक्षरात, अजून आहे. माय व्यासपीठावर खुर्चीत बसली होती, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. ती माझ्याकडे वाकून म्हणाली, “मांगंच तं गेला वं माहा पोरगा. दोनशे पावलं.” मी तिला गप्प केलं. त्या कमानीखालून जाताना मला दर वेळी राग येतो. सगळ्यांना घेऊन मागे येणं ही काय चीज असते ते या लोकांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे. त्यांच्याच बायका दरवर्षी आपलं सगळं धान मागे सरकत रोवतात. पण भाषणात ते शोभत नाही.

शाळेत मला दरवर्षी या दिवशी मुलांपुढे बोलायला लावतात. वीराची बहीण. मी बोलते. अकरा जण, उतार, नावांच्या हाका, सगळं सांगते, मुलं डोळे मोठे करून ऐकतात. मागे सरकण्याचं मुद्दाम सांगते. त्याने जखम लपवली ते सांगत नाही. ते सांगितलं तर मुलांना तेही शौर्य वाटेल, आणि उद्या यातलं एखादं पोर घरी ताप लपवून परीक्षेला जाईल. शौर्यच होतं ते, नाही कसं म्हणू? दहा घरी दिवे त्याच्यामुळे लागतात. पण आमच्या घरी ती गोष्ट ज्या मातीतून आली तीच आमच्या मुळावर उठली, आणि याचं काय करायचं हे मला बारा वर्षांत कळलेलं नाही. लोक म्हणतात काळ हे औषध आहे. मला तसा काही गुण आलेला नाही.

या वर्षी गेले तर बांधीत बाया नव्हत्या. शेत आता चुलतभाऊ बघतो, त्याने रोवणीचं यंत्र आणलं होतं. एक माणूस वर बसलेला, मागे परे ठेवलेल्या पट्ट्या, आणि लोखंडी बोटं टकटक काड्या रोवत चाललेली. माय नेहमीच्या जागी धुऱ्यावर बसली होती. मी शेजारी बसले. बांधीच्या कडेला खेकड्यांची बिळं होती, पाण्यात दोन बगळे होते, सगळं तसंच होतं. फक्त यंत्राच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

“हे तं पुढं जाते,” माय म्हणाली. मी पाहिलं. खरंच, यंत्र पुढे तोंड करून पुढे जात होतं आणि रोवलेलं मागे सोडत होतं. त्याला शेजारी नव्हता. मग तिने विचारलं, त्या दिवशी फोन कवा आला होता वं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि संध्याकाळी हा शब्द आला नाही. का, ते सांगता येणार नाही. समोर तोडायला ओळच उरली नव्हती, म्हणून असेल. मी म्हणाले, “सकाळी. साडेनऊले. तो स्वतः बोलला. तुलेच मांगत होता.”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. यंत्राकडेच पाहत म्हणाली, “मालूम आहे मले.”

मी तिच्याकडे वळून बसले. तीच बोलली, सावकाश. तू पाळीवर फोन आमच्याकडे धरून उभी होतीस, ती म्हणाली, मी वाकल्या वाकल्या काखेखालून पाहिलं होतं. दुसऱ्या कोणासाठी कोणी असा फोन धरत नाही. गुन्याच असणार हे मला तेव्हाच कळलं. म्हणून मी आवाज चढवला. पण पेंडी हातात होती.

मी विचारलं, मग इतकी वर्षं मला काहून विचारत होतीस.

“वाटे, एखाद्या साली तू म्हणशीन, माय, मी तुले हाक मारली होती, तूच नाही आली. मंग मी रडली असती.” मग तिने विचारलं, “मारली होती का?”

एक ‘हो’ पुरला असता. बारा वर्षं एसटीत आणि धुऱ्यावर सहज खोटं बोलणारी मी, मला ते एवढंसं जमलं नाही. मी म्हणाले, नाही मारली. तो म्हणाला ओळ तुटेल, राहू दे.

यंत्र बांधीच्या टोकाला जाऊन वळलं आणि आमच्याकडे येऊ लागलं. मायने पदराने तोंड पुसलं, पण डोळे कोरडेच होते.

“तो राहू दे म्हणे, अन् तू राहू देलं,” ती म्हणाली. “मी काखेखालून पाह्यलं, अन् मी बी राहू देलं. चौदा बाया होत्या. उभ्या राह्यल्या असत्या जराशा.”

चुलतभावाने बांधीतून हात करून विचारलं की अर्धी झाली, जेवून घेता का. माय म्हणाली, होऊ दे आधी.